आधी धुणं ठरवा, मग फिल्म घ्या

मे महिन्यातल्या एका रात्री नऊ वाजता आमच्या नळाच्या पाण्यात डार्करूमचा थर्मामीटर धरून पाहिला. पारा ३९ वर जाऊन थांबला. दिवसभर गच्चीवरची टाकी तापलेली, त्यामुळे रात्रीही पाणी चहाला अर्धं तयार. डेव्हलपरच्या पाकिटावर मात्र छापलेलं असतं, तापमान २० अंश. नागपुरात आठ किंवा सोळा मिलिमीटरची फिल्म चालवायची म्हणजे मधल्या या १९ अंशांशी गाठ आहे, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळतं.

गेल्या काही वर्षांत जुने सुपर ८ कॅमेरे पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. कुणाला आजोबांच्या कपाटात मिळतो, कुणी जुन्या बाजारातून आणतो. मग माझ्याकडे पहिला प्रश्न येतो तो, "कुठली फिल्म घेऊ?" मी उलट विचारतो, "धुणार कुठे?" बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. फोटोचा रोल एके काळी बर्डीवरच्या दुकानात धुवायला टाकला की संध्याकाळी हातात यायचा. सिने-फिल्मचं तसं नाही. तिची प्रत्येक जात वेगळ्या रसायनात धुतली जाते आणि त्यांतली एकच जात नागपुरात घरच्या घरी नीट जमण्यासारखी आहे. म्हणून हा लेख शेवटच्या टोकाकडून सुरुवात करतो.

मापं तीन, हिशेब वेगळे

हातातला कॅमेरा कुठल्या मापाचा आहे ते आधी नक्की करा. साधं ८ मिमी कोडॅकने १९३२ साली आणलं. त्याच्या स्पूलवर खरं तर १६ मिमी रुंदीची २५ फूट फिल्म असते. एक बाजू चालवून झाली की स्पूल उलटून दुसरी बाजू चालवायची. धुतल्यावर ती मधोमध चिरून जोडली की ५० फूट होते. सुपर ८ आलं १९६५ मध्ये. ते बंद प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये येतं. कॅमेऱ्यात सरकवलं की झालं. १६ मिमी या दोघांहून जुनं, १९२३ चं.

आता वेळेचा हिशेब. सुपर ८ च्या एका फुटात ७२ चौकटी बसतात, म्हणजे ५० फुटांत ३६००. सेकंदाला १८ चौकटींनी ३ मिनिटं २० सेकंद, २४ ने अडीच मिनिटं. १६ मिमीच्या फुटात ४० चौकटी; १०० फुटांचं रीळ २४ च्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतं. मात्र १६ मिमीची चौकट क्षेत्रफळाने सुपर ८ च्या तिपटीहून मोठी असते, त्यामुळे दाणा बारीक दिसतो आणि चेहऱ्यावरचे भाव टिकतात.

नवख्याने सुपर ८ पासून सुरुवात करावी. १६ मिमीचं १०० फुटी रीळ 'डेलाइट लोडिंग' म्हणून विकलं जातं. नावावरून ते उन्हात भरता येतं असं वाटतं. नागपूरच्या उन्हात तसं केलंत तर कडेने प्रकाश शिरून पहिले कित्येक फूट पांढरे पडतील. घरात, पडदे ओढून, उजेडाला पाठ करून भरा. बोलेक्ससारख्या चावीच्या कॅमेऱ्यात पूर्ण चावी दिली तरी एका दमात अर्ध्या मिनिटाच्या आतलंच चित्रण होतं. ही मर्यादा शिकणाऱ्याच्या फायद्याची आहे: प्रत्येक शॉट आधी ठरवावा लागतो.

कुठली फिल्म कुणी धुवायची

काळी-पांढरी: कोडॅकची ट्राय-एक्स रिव्हर्सल सुपर ८ आणि १६ मिमी दोन्हींत मिळते. चेक कंपनी फोमाची आर १०० आहे. १६ मिमीत कोडॅकची डबल-एक्स निगेटिव्हही आहे. घरी धुवायची असेल तर यांच्यातूनच निवडा. ट्राय-एक्स मुळात रिव्हर्सल, म्हणजे धुतल्यावर थेट प्रोजेक्टरवर चढणारी. पण ती साध्या निगेटिव्हसारखी धुऊन, स्कॅन करून संगणकावर उलटी करता येते. नवशिक्याला तोच रस्ता सोपा. फोमा आर १०० चं असं करू नका. तिच्या पोटात चांदीचा एक बारीक थर असतो, तो रिव्हर्सलमधल्या ब्लीचनेच निघतो. नुसती डेव्हलप केली तर सगळी काळपट दिसते आणि माणूस उगाच डेव्हलपरला दोष देत बसतो.

रंगीत रिव्हर्सल: एक्टाक्रोम १००डी. ही ई-६ पद्धतीने धुतात आणि स्लाइडसारखी थेट पाहता येते. रंग देखणे, पण चुकीला माफी नाही. अर्ध्या स्टॉपने प्रकाश जास्त झाला की आकाश पांढरं. ई-६ च्या पहिल्या डेव्हलपरला ३८ अंश लागतात. मे महिन्यात ते नळालाच असतात, असा विनोद आमच्याकडे चालतो. पण तिथे चूक अर्ध्या अंशाहून जास्त चालत नाही, म्हणून हे काम लॅबचं.

रंगीत निगेटिव्ह: कोडॅक व्हिजन३, जसं ५०डी, २००टी आणि ५००टी. डी म्हणजे दिवसाचा उजेड, टी म्हणजे टंगस्टन दिव्यांचा. मोठ्या चित्रपटांची हीच फिल्म. चुका पोटात घालते, पण तिला ईसीएन-२ पद्धतीची सिने-लॅब लागते. तिच्या पाठीवर वर्षानुवर्षं काजळीसारखा रेमजेटचा थर असायचा. अलीकडे कोडॅकने तो काढून वेगळा थर द्यायला सुरुवात केली आहे, त्यामुळे आपल्या डब्यात कुठली आहे ते लेबलावर वाचा. रेमजेटची फिल्म फोटोच्या साध्या मशीनमध्ये गेली तर काजळी सुटून मशीन आणि इतरांचे रोल दोन्ही खराब होतात. लॅबला फोन करून पद्धतीचं नाव, माप आणि फूट सांगा, होकार घ्या, मगच फिल्म मागवा.

कपाटात जुनं, चालवून झालेलं पण न धुतलेलं कोडाक्रोम सापडलं तर त्याचे रंग आता परत येणार नाहीत. त्याची के-१४ प्रक्रिया करणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी होती, तिनेही २०१० च्या डिसेंबरअखेर कोडाक्रोम घेणं थांबवलं. काळ्या-पांढऱ्यात मात्र चित्र निघू शकतं, फेकू नका.

आपल्याकडे 'इंदू' नावाने काळी-पांढरी फिल्म बनवणारा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, तो ऊटीच्या थंड हवेत. तोही बंद झाला. आता जी सिने-फिल्म येते ती परदेशातून, म्हणजे वाटेत तिने किती ऊन खाल्लं हे विक्रेत्यालाच विचारावं लागतं. मुदत संपलेली स्वस्त फिल्म मिळाली तर ती कुठे ठेवली होती ते आधी विचारा. जास्त वेगाची फिल्म कमी वेगाच्या फिल्मपेक्षा लवकर म्हातारी होते. माळ्यावर पडलेली जुनी ५००टी फुकट मिळाली तरी महाग.

आपल्या उन्हाचं गणित

छायाचित्रकारांचा जुना नियम: लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर १/एएसए सेकंद; एएसए म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा. सिने-कॅमेऱ्यात शटर हातात नसतं, ते २४ च्या वेगाला सुमारे १/५० सेकंदावर बांधलेलं. म्हणजे ५०डी फिल्म असेल तर फुटाळा तलावावर दुपारी सरळ एफ/१६. पण २०० एएसएची ट्राय-एक्स घातली तर एफ/३२ लागेल, आणि बहुतेक लेन्स तिथवर जातच नाहीत. शिवाय एवढ्या छोट्या चौकटीत छिद्र फार लहान केलं की चित्र मऊ पडतं. उपाय एकच, उजेड कापणारा एनडी फिल्टर. चार स्टॉपचा लावला की २०० एएसए एफ/८ वर येते आणि लेन्स आपल्या चांगल्या पट्ट्यात काम करते. नागपुरात उन्हाळ्यात चित्रण करणाऱ्याच्या पिशवीत एनडी नसेल तर छत्री विसरल्यासारखंच आहे.

टंगस्टनची फिल्म दिवसा वापरायची तर ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर लागतो. तो लावला की २००टी ची किंमत १२५ धरायची. बऱ्याच सुपर ८ कॅमेऱ्यांत तो आतच असतो. मात्र जुने कॅमेरे कार्ट्रिजच्या खाचेवरून वेग ओळखतात आणि त्यांतल्या कित्येकांना ४० आणि १६० हे दोनच आकडे कळतात. आपल्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका शोधा. मीटरच्या जुन्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, म्हणून आतल्या मीटरवर विसंबण्याआधी वेगळ्या मीटरशी एकदा ताडून पाहा.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. इतवारी-महालच्या अरुंद गल्ल्या, वर ढगाळ आभाळ, मधेच दोन मिनिटं ऊन, आणि गर्दीच्या डोक्यावर डुलणारी काळी मारबत. काळ्या-पांढऱ्या २०० एएसएला ढगाखाली एफ/८ ते ११ पुरतं. गल्लीच्या पोटात शिरलात की एफ/४. अडचण वेगळीच येते. कॅमेरा वर करून मारबतीकडे धरला की मागचं पांढरं आभाळ ऑटोमॅटिक मीटरला फसवतं. तो छिद्र बंद करतो आणि आधीच काळी मारबत निव्वळ कोळशाचा ढीग होते. म्हणून त्याच उजेडात आपल्या तळहातावर मीटर घ्या, तिथून एक स्टॉप उघडा आणि आकडा तिथेच पक्का करा. आभाळ जाईल तर जाऊ द्या.

फ्रीज, घाम आणि प्रवास

कोडॅक म्हणतं, कोरी फिल्म १३ अंश किंवा त्याखाली ठेवा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ ला गेला होता, तेव्हा यावर वाद घालायला जागाच नाही. फिल्मची जागा फ्रीजमध्ये, मूळ सीलबंद पाकिटात, वरून झिपची पिशवी. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोथिंबिरीच्या जुडीखाली सापडते. वर्षाहून जास्त ठेवायची असेल तर फ्रीजरमध्ये.

फ्रीजमधून काढल्यावरचा तास मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की थंड डब्यावर दव फारसं धरत नाही. तेच ऑगस्टमध्ये स्टीलचा गार पेला टेबलावर ठेवला तर बुडाशी पाणी साचतं, फिल्मचंही तसंच. मी एकदा पोळ्याच्या सकाळी घाईत फ्रीजमधून कार्ट्रिज काढलं, लगेच पाकीट फोडलं आणि कॅमेऱ्यात घातलं. धुतल्यावर बैलांच्या अंगावर गोल ठिपके दिसले, जणू नुकताच पाऊस पडून गेला. चूक माझीच. तेव्हापासून नियम: पाकीट न फोडता दोन-तीन तास खोलीत ठेवायचं, मगच उघडायचं.

चालवून झालेली फिल्म कोऱ्या फिल्मपेक्षा नाजूक समजा. तिच्यावर उमटलेलं अदृश्य चित्र उष्णतेने फिकं होत जातं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर एक मिनिटही नाही. मुंबईच्या लॅबकडे पाठवायची असेल तर मी उन्हाळ्यात पार्सल टाळतो. विदर्भ एक्स्प्रेसच्या एसी डब्यातून रात्रीत जाणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाच्या हाती देतो. विमानाने नेणार असाल तर फिल्म हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये कधीच नाही, आणि हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रातून न धुतलेली फिल्म गेली की धुकट होते.

घरी धुताना

घरी सिने-फिल्म धुण्याची आपली परंपरा सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणवला तेव्हा कोऱ्या फिल्मला भोकंही घरीच पाडावी लागत. सरस्वतीबाई अंधारात बसून ते काम करत आणि धुण्यातही त्यांचा हात असे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला तो दादरच्या या घरगुती कारखान्यातून.

पहिली गोष्ट, ऋतू. नागपुरात धुण्याचा हंगाम डिसेंबर-जानेवारी. पहाटे टाकीचं पाणी आपोआप विशीच्या आसपास असतं. उन्हाळ्यात करावंच लागलं तर माठ मदतीला येतो. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात चालतं, त्यामुळे बाहेर ४५ असताना माठातलं पाणी २५ च्या आसपास राहतं. मोठ्या टबात माठाचं पाणी भरा, त्यात सगळ्या बाटल्या उभ्या करा आणि बर्फ पिशवीत बांधून टबात सोडा. बर्फ थेट रसायनात टाकला की ते पातळ होतं.

दुसरी गोष्ट, सगळ्या द्रावणांचं आणि धुण्याच्या पाण्याचं तापमान एकमेकांच्या एक-दोन अंशांत हवं. २२ अंशांच्या डेव्हलपरमधून काढून ३५ अंशांच्या नळाखाली धरली की जिलेटिन फुगून सुरकुततं आणि चित्रावर कोरड्या तळ्याच्या चिखलासारखी जाळी पडते. ती पुन्हा जात नाही. उन्हाळ्यात तुरटीचा अंश असलेला हार्डनिंग हायपो (फिक्सर) वापरा. तुरटीने जिलेटिन घट्ट होतं. ती रसायनाच्या दुकानातली शुद्ध घ्या, न्हाव्याच्या पेटीतली नको. पाणी थोडं गरम राहिलं तर डेव्हलपिंगची वेळ कमी करावी लागते, पण ती पाच मिनिटांच्या खाली येऊ देऊ नका. एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि पट्टे उमटतात.

तिसरी गोष्ट, टाकी. ५० फूट म्हणजे १५ मीटरहून थोडी जास्त फिल्म चक्रीच्या खाचांत बसवायची असते. जुन्या रशियन लोमो टाक्या यासाठी नावाजलेल्या आहेत. एखादी वाया गेलेली फिल्म घेऊन आधी उजेडात दहा वेळा गुंडाळा, मग डोळे मिटून दहा वेळा. घामेजलेल्या हातांनी फिल्म चिकटते, म्हणून सुती हातमोजे. सुपर ८ चं कार्ट्रिज अंधारात फोडावं लागतं. त्यासाठी पक्कड आधीच ठरल्या जागी ठेवा. अंधारात ती शोधण्यातच निम्मा जीव जातो.

चौथी गोष्ट, नमुना. पूर्ण रीळ घालण्याआधी वीतभर तुकडा धुऊन पाहा. ट्राय-एक्स निगेटिव्ह म्हणून धुवायची तर डी-७६ डेव्हलपर, मग पाणी, हायपो, आणि भरपूर धुणं. शेवटचं विसळणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात; बोअरचं जड पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. रिव्हर्सल करायची असेल तर मधे ब्लीच येतं. जुन्या पुस्तकांतलं डायक्रोमेटचं ब्लीच विषारी आणि कर्करोगकारक आहे; घरी ते नको. परमँगनेटच्या ब्लीचलाही गंधकाम्ल लागतं. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा आणि रबरी मोजे घालूनच.

वाळवताना फिल्म न्हाणीघरात दोरीवर नागमोडी लावा आणि दार बंद करा. कूलरच्या खोलीत वाळवू नका; तिथे दमट हवा आणि खसाचे कण दोन्ही असतात. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. त्यात फिल्ममधली चांदी विरघळलेली असते आणि मोरीचं पाणी शेवटी नाग नदीतच जातं. कॅनमध्ये साठवा, एक्स-रेच्या हायपोतून चांदी काढणारे लोक तो घेतात.

कपाटातली रीळं

शेवटी ज्यांना नवं काही चित्रित करायचं नाही, पण घरात जुनी रीळं आहेत त्यांच्यासाठी. डबा उघडून नाक जवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. हा आजार शेजारच्या डब्यालाही पकडतो. ते रीळ वेगळं काढा, घट्ट बंद प्लास्टिकमध्ये कोंडू नका, आणि आधी तेच स्कॅन करून घ्या. हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर लावू नका. आक्रसलेल्या फिल्मची भोकं दात्यांत बसत नाहीत, टर्रकन फाटते. माप ओळखायची खूण सोपी: साध्या ८ ची भोकं मोठी आणि दोन चौकटींच्या सांध्यावर असतात, सुपर ८ ची लहान आणि चौकटीच्या मध्यावर. स्कॅन झालं तरी मूळ फिल्म ठेवा. हार्ड डिस्क तिच्याआधी जाते. रीळात घरापलीकडचं काही असेल, एखादी सभा, मिरवणूक, जुनी बाजारपेठ, तर पुण्याचं १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना विचारून पाहा.

छोट्या मापाला कमी लेखू नका. १९७४ मध्ये बिहारच्या आंदोलनाचं चित्रण माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी सुपर ८ वर केलं, मग ते पडद्यावर दाखवून १६ मिमी कॅमेऱ्याने पुन्हा टिपलं, आणि त्यातून 'क्रांती की तरंगें' हा माहितीपट उभा राहिला. त्यांच्याकडचं सामान थोडं होतं, पण चित्रण शेवटी पडद्यावर पोचलं.

तेव्हा एक ट्राय-एक्सचं कार्ट्रिज मागवा. डब्यावर पेन्सिलने चार गोष्टी लिहा: तारीख, कॅमेरा, किती एएसए धरला आणि कोण धुणार. ते डिसेंबरात चालवा आणि जानेवारी संपायच्या आत धुवा. मे अखेरचा नवतपा लागेपर्यंत ते कपाटात ठेवू नका.